अंगाई नेमकी कोण ऐकतं?

'निंबोणीच्या झाडामागे' हे गाणं बाळ झोपवताना शेवटपर्यंत म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. ध्रुवपद सगळ्यांना येतं. गाय, चिऊताई आणि वेलीवरची फुलं झोपतात ते कडवंही बहुतेकांना येतं. तेवढ्यात बाळ तरी झोपतं किंवा गाणारा तरी कंटाळतो. त्यामुळे पुढे काय घडतं ते फारसं कुणाच्या लक्षात राहत नाही. पुढच्या कडव्यात गाणारी बाई सांगते की ती या बाळाची देवकी नाही, यशोदा आहे. त्याच्या पुढच्या कडव्यात पाळणा रिकामा झालेला असतो, दोरी तेवढी तिच्या हातात उरलेली असते आणि हुंदका दाबत ती विचारते की आता अंगाई गाऊ तरी कशी.

म्हणजे महाराष्ट्रातल्या अर्ध्याअधिक घरांत रोज रात्री मोबाईलवर जे गाणं लावून बाळं झोपवली जातात, ते ताटातुटीचं गाणं आहे.

यात गाण्याचा दोष नाही. मधुसूदन कालेलकरांचे शब्द, एन. दत्तांचं संगीत, सुमन कल्याणपूरांचा आवाज. कमलाकर तोरणेंच्या १९७७च्या सिनेमासाठी ते केलेलं आहे. सिनेमाचं नावच 'बाळा गाऊ कशी अंगाई', त्यामुळे शेवटी तो प्रश्न येणारच. गाणं ज्यांच्यासाठी लिहिलं ते लोक थिएटरात तिकीट काढून बसले होते. त्यांना रडवायचं होतं, झोपवायचं नव्हतं. तसं पाहिलं तर थिएटरात कुणी झोपलं असतं तर गाणं फसलं असतं. (निंबोणी म्हणजे कडुनिंब की लिंबाचं झाड, यावर आमच्या घरात दोन तट आहेत. मी कडुनिंबाच्या बाजूने आहे. लिंबाच्या झुडपामागे चंद्र झोपायचा तर त्याला फारच वाकावं लागेल.)

गेले सात महिने मला रात्री बराच मोकळा वेळ मिळतो, म्हणजे हात मोकळे नसतात पण डोकं असतं. त्या वेळात मी मराठी अंगाया ऐकतो, वाचतो आणि एकच प्रश्न घेऊन बसतो: हे कोण कुणाला सांगतंय? कविता वाचताना आपण हा प्रश्न लगेच विचारतो. अंगाईच्या बाबतीत मात्र उत्तर समोर पाळण्यात पाय हलवत असतं, म्हणून विचारायचं राहून जातं.

आधी बाळाचं पाहू, कारण ती बाजू सोपी आहे. बाळाला शब्द लागत नाहीत. हार्वर्डच्या म्युझिक लॅबमधल्या संशोधकांचा २०२०मध्ये एक अभ्यास आला. त्यांनी १४४ बाळांना अनोळखी भाषांतल्या, अनोळखी देशांतल्या अंगाया आणि इतर गाणी ऐकवली. अंगाई चालू असताना बाळांचे ठोके जास्त मंदावले, बाहुल्या लहान झाल्या. शब्द कळायचा प्रश्नच नव्हता. जपानमधल्या रिकेन संस्थेतल्या कुमी कुरोदा आणि सहकाऱ्यांनी २०२२मध्ये २१ बाळांवर प्रयोग केला. त्यांचा सल्ला असा की रडणाऱ्या बाळाला घेऊन पाच मिनिटं सलग चाला, ते झोपलं की लगेच खाली ठेवू नका, पाच ते आठ मिनिटं घेऊन बसा, मग ठेवा. आमच्याकडे हे दहातल्या सहा-सात वेळा चालतं. त्यात गाण्याचा उल्लेखही नाही.

झोक्याचंही तसंच. मी इंजिनिअर असल्यामुळे एके रात्री पाळण्याचं गणित मांडलं. पाळणा म्हणजे लोलक. एका झोक्याला, म्हणजे जाऊन परत यायला, किती वेळ लागणार ते टांगलेल्या लांबीवर ठरतं. बाळाच्या वजनाचा त्याच्याशी संबंध नाही. आमच्याकडे आहे तसा स्टँडचा पाळणा, साधारण साठ सेंटिमीटर टांगलेला, एक झोका दीड सेकंदात संपवतो. मंगळवार पेठेतल्या आजीच्या जुन्या घरात तुळईला साखळ्या लावून दोन मीटर खाली पाळणा टांगायचे. तिथे एक झोका जवळजवळ तीन सेकंदांचा. जिनेव्हातल्या संशोधकांनी २०१९मध्ये अठरा तरुण माणसांना रात्रभर हलणाऱ्या पलंगावर झोपवलं. तो पलंग चार सेकंदांना एक झोका घेत होता आणि माणसं त्यावर लवकर आणि गाढ झोपली. ती मोठी माणसं होती, हे मान्य. पण चार सेकंदांचा झोका साध्या पाळण्यातून काढायचा तर दोरी चार मीटर लागते. आजीची तुळई आमच्या फ्लॅटच्या स्लॅबपेक्षा त्या आकड्याच्या बरीच जवळ होती.

हे गणित मी साहित्याच्या लेखात घातलं, कारण मला ते छंदशास्त्राचा भाग वाटतं. पारंपरिक पाळण्यांतला 'जो जो' जितका लांबवावा लागतो, तितकी ती लय दोरीतून येते. तीन सेकंदांच्या झोक्यात जाताना एक 'जो', येताना एक 'जो', आणि मध्ये टोकाला क्षणभर थांबा. दीड सेकंदाच्या स्टँडवर तोच पाळणा म्हणून पाहा, कवायत वाटते. सिनेमातल्या अंगाईचा वेग वाद्यवृंदाने ठरवलेला असतो. बाळ पेंगायला लागलं म्हणून लता मंगेशकरांचा रेकॉर्ड झालेला आवाज हळू होत नाही. पी. सावळारामांनी लिहिलेलं, वसंत प्रभूंनी बांधलेलं १९५१च्या 'बाळा जो जो रे'चं शीर्षकगीत मला शब्दांसाठी फार आवडतं. पापण्यांना पंख आणि डोळ्यांना पाखरं करणारा हा कवी आमच्या शेजारच्या वाळवा तालुक्यातला, येडेनिपाणीचा. पण ते गाणं ऐकताना मी खुर्चीत मागे टेकून बसतो. पाळणा हलवायचं विसरतो. अंगाई म्हणून ते तिथेच संपलं आणि भावगीत म्हणून सुरू झालं.

आता गंमत अशी की बाळाला शब्द लागत नसतील, तर अंगाईतले शब्द मोकळे झाले. लय बाळाची, शब्द गाणारीचे. दुसऱ्या कुठल्याच साहित्यप्रकारात लिहिणाऱ्याला असा श्रोता मिळत नाही. त्याला काही कळत नाही, तो उठून जात नाही आणि ऐकलेलं कुणाला जाऊन सांगत नाही. सासरी नांदणाऱ्या मुलीला घरात असा दुसरा कोण मिळणार होता?

म्हणून मला पाळणा आणि अंगाई या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्याशा वाटतात. बारशाला म्हणतात तो पाळणा. त्यात बाळाचा पहिला दिवस, दुसरा दिवस असं बाराव्यापर्यंत वर्णन चालतं, राम किंवा कृष्ण किंवा शिवबा जन्माला येतो, कुळाचा उद्धार होतो. कोल्हापुरात शिवजयंतीला तालीम-मंडळं पाळणा फुलांनी सजवतात, बायका जमून जन्मकाळाचा पाळणा म्हणतात, आणि आत खरं बाळ नसलं तरी काही अडत नाही. तो सगळ्यांसमोर म्हणायचा प्रकार आहे, त्याला झोपेशी देणंघेणं नाही. आमच्या लेकीच्या बारशाला रामाचा पाळणा झाला. मुलगी आहे हे कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, पण येत होता तो रामाचाच. ती त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत रडली.

अंगाई दार लोटल्यावर सुरू होते, आणि तिची खरी बहीण जात्यावरची ओवी. साने गुरुजींनी बायकांकडून ऐकून ऐकून 'स्त्रीजीवन'चे दोन भाग भरले, त्यात तान्ह्या बाळाच्या ओव्या पुष्कळ आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या आता 'पारी'च्या संकेतस्थळावर ऐकायलाही मिळतात. मी त्या हेडफोनवर ऐकतो. बाळाचं कौतुक फार वेळ टिकत नाही हे लगेच लक्षात येतं. तान्हं बाळ सोन्याचं, मोत्याचं करता करता मामा येतो, मामा आला की माहेर येतं, माहेर आलं की ते किती लांब आहे हे येतं, आणि मग सासू, दीर, पाऊस, कष्ट. मांडीवर मूल, हातात खुंटा. बाळ हे निमित्त. दळता दळता बाई पहाटेच्या अंधारात बोलून घेते, आणि जात्याची घरघर चालू असल्यामुळे तिच्या बोलण्याला 'काम' हे नाव मिळतं. काम करणाऱ्या बाईला गप्प बस म्हणता येत नाही.

आणि ती एकटीच ऐकत असते असंही नाही. पहाटेची ओवी पलीकडच्या खोलीत झोपलेल्या सासूला ऐकू जाते. कदाचित जावी म्हणूनच असते. अंगाईचा खरा श्रोता भिंतीपलीकडे असतो, असं मला वाटायला लागलंय. परंपरेने मुक्ताईच्या नावावर एक पाळणा चालत आलाय, त्यात ती चांगदेवाला निजवते. चांगदेवाचं वय आख्यायिकेत चौदाशे वर्षं. एवढ्या मोठ्या बाळाला पाळण्यात घालून एक लहान मुलगी बोलते, तेव्हा तो झोपावा म्हणून ती बोलत नसते हे उघड आहे. ब्राम्स या जर्मन संगीतकाराची जगभर खेळण्यांत वाजणारी अंगाई १८६८ची. बेर्टा फाबर या मैत्रिणीला मुलगा झाला म्हणून त्याने ती तिला भेट दिली. पूर्वी ती त्याला जे प्रेमगीत म्हणून दाखवायची, त्याची सुरावट त्याने साथीच्या पियानोत लपवून ठेवली होती. बाळाला पाठवलेल्या पाकिटात आईला लिहिलेली चिठ्ठी.

भिंतीपलीकडच्या श्रोत्याचा मुद्दा मला पुस्तकातून सुचला असता तर मी शहाणा वाटलो असतो. तो घरात सुचला. (बायकोला विचारून लिहितोय.) माझी टीम अमेरिकेच्या वेळेवर चालते, म्हणजे रात्री अकरापर्यंत कॉल असतात. एकदा कॉलमध्ये पाणी प्यायला हेडफोन काढला तर आतून 'निंबोणी'ची चाल ऐकू आली, शब्द मात्र नवीन होते. बाबाच्या कानाला हेडफोन गं, आईच्या कानाला तू. पुढेही होतं बरंच. सोमवारपासून तिचं ऑफिस सुरू होणार होतं, दुधाच्या पिशव्या फ्रीजमध्ये कुठल्या कप्प्यात ठेवायच्या ते होतं, माझ्या आईला ते सांगितलेलं कसं पटत नाही तेही होतं. चाल कुठेही मोडली नाही. लेक त्यात शांत झोपली. त्या आठवड्यापासून आम्ही रात्र वाटून घेतली: दोनपर्यंत ती, दोननंतर मी. समीक्षेच्या भाषेत सांगायचं तर संहिता योग्य वाचकापर्यंत पोचली. तिने हेच मला जेवताना समोर बसून सांगितलं असतं तर भांडण झालं असतं. चालीत सांगितल्यावर मला मध्ये बोलायला जागाच नव्हती.

दोननंतरची पाळी माझी झाली आणि तिथे मला एक भोक सापडलं. मराठी अंगाईत बाप नाही. म्हणजे उल्लेखात असतो. परगावी गेलेला, बाजारातून काही आणणारा, नाहीतर मेलेला. पण गाणारा बाप शोधून दाखवा. बाप आणि मुलाची झोप यांवरचं आपलं सगळ्यात गाजलेलं गाणं म्हणजे संदीप खरे आणि सलील कुलकर्णींचं 'दमलेल्या बाबाची कहाणी'. त्यातला बाप घरी येतो तेव्हा मुलगी आधीच झोपलेली आहे. सगळा महाराष्ट्र त्यावर रडला, मीही कॉलेजात रडलो. आता ऐकताना पहिला प्रश्न पडतो तो हा, की मग तिला झोपवलं कुणी? त्या व्यक्तीला गाण्यात जागा नाही. बाप दमलाय याचं गाणं झालं. झोपवून दमलेलं माणूस बहुधा स्वयंपाकघरात ओटा पुसत असेल.

याला कायदाही हातभार लावतो. २०१७च्या दुरुस्तीनंतर आईला पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आहे. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला पंधरा दिवस. खासगी नोकरीतल्या बापासाठी कायदा नाही, कंपनी देईल ते. मला पाच दिवस मिळाले, त्यातला एक रविवार होता. पाच दिवसांत कुणाला अंगाई सुचणार?

एक अपवाद म्हणता येईल असा बाप मला सापडला, आणि तो सापडल्यापासून हा लेख डोक्यात आहे. कवी दत्त, म्हणजे दत्तात्रय कोंडो घाटे, नगरचे. जन्म १८७५, मृत्यू १८९९. पंचविशीही गाठली नाही. माझ्या आत्ताच्या वयाला पोचलेच नाहीत. त्यांचा मुलगा विठ्ठल त्या वेळी चार वर्षांचा. तो पुढे वि. द. घाटे झाला आणि 'दिवस असे होते' लिहून गेला. दत्तांची 'निज नीज माझ्या बाळा' ही अंगाई जुन्या पिढीला तोंडपाठ असते. आमच्या पिढीतल्या फार जणांनी ती वाचलेली नसावी, कारण ती लावायला गाजलेलं रेकॉर्डिंग हाताशी नाही आणि आपण गाणी वाचत नाही.

ती कविता वरवर पाहिली तर साधी आहे. रात्र झालीय, बाळा झोप. पण तिची रचना नीट बघा. कवितेत उपमा देताना आपण घरातलं, हातातलं काहीतरी घ्यायचं असेल तर निसर्गाकडे जातो: मुख चंद्रासारखं, केस रात्रीसारखे. दत्त उलटे जातात. सूर्य आकाश सोडून गेला, कसा, तर दुर्दैवी माणसाला पैसा सोडून जातो तसा. अंधार भरून आला, कसा, तर गरिबाच्या मनात भरतो तसा. जग थकून झोपलं, माझ्या आशा झोपल्या तसं. उंदीर घरभर दाणा शोधतात, मिळत नाही, निराश होतात, आणि आता तेही हे घर सोडून जातील, नातेवाईक आपल्याला सोडून गेले तसे. ज्या माणसाला सगळ्यात ओळखीची गोष्ट गरिबी आहे, त्याला सूर्यास्त समजावून सांगायलासुद्धा गरिबीच वापरावी लागते. उपमेची दिशा बदलण्याचं हे एक काम एवढं मोठं आहे की त्यापुढे कवितेतली जुनी वळणं, लाडिक संबोधनं सगळी माफ. शेवटाकडे तर अंगाईला मुदत लागते: हे पडकं झोपडं उभं आहे तोवर झोपून घे, पुढचं देव बघेल. बाळाला दिलेलं आश्वासन म्हणून हे भयंकर आहे. पण ते बाळाला दिलेलंच नाही. हिशेब कुठेतरी मोठ्याने मांडायचा होता, आणि घरात ऐकायला एवढाच एक जण जागा होता.

मी ती पाळणा हलवत म्हणून पाहिली. चाल आपोआप लागते. लेक उंदरांपाशी झोपली.

तरीही एक खुपतं. ही कविता आपण सगळे आईच्या तोंडची म्हणून वाचतो. लिहिली एका तरुण बापाने, ज्याच्या घरात तान्हं मूल होतं. पण मराठीत बापाच्या आवाजात अंगाई ऐकायची सवयच नसल्यामुळे आपण तिला आपोआप लुगडं नेसवतो. मी ती एकदा बापाची म्हणून वाचली. एक शब्दही बदलावा लागला नाही, फक्त कमावणाऱ्यानेच 'घरात दाणा नाही' म्हटल्यावर ती आणखी अवघड झाली.

झोपवणारी आईच असते हेही अंगाईने पसरवलेलं अर्धसत्य आहे. नोव्हेंबरपासून पुढे चार-पाच महिने हातकणंगले, शिरोळकडे जा. ऊसतोडीच्या फडाच्या कडेला झाडाला नाहीतर बैलगाडीला लुगड्याची झोळी बांधलेली दिसते. आई आणि बाप दोघंही फडात, कारण नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. झोळी हलवणारी सात-आठ वर्षांची बहीण असते. ती काय म्हणते? मी गाडी थांबवून कधी ऐकलेलं नाही, आणि ओव्यांच्या संग्रहांत मला तिचा आवाज दिसला नाही. स्पॅनिश कवी लोर्काने १९२८मध्ये माद्रिदला अंगायांवर व्याख्यान दिलं होतं. श्रीमंतांच्या घरातल्या मुलांना या दुःखी अंगाया दाया आणि मोलकरणींनी दिल्या, असं त्यात त्याने म्हटलंय. झोपवण्याचं काम विकत घेता येतं, मग गाणंही त्याच्याबरोबर येतं. आणि जिथे गाणाऱ्यालाच बसायला वेळ मिळत नाही तिथे काय होतं, तेही आपल्याकडे होऊन गेलंय. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका बाळाला अफूची 'बाळागोळी' देऊन जायच्या. डॉक्टर फ्लोरेन्स बार्न्स यांनी विसाच्या दशकात गिरणीतल्या बायकांची पाहणी केली तेव्हा हे त्यांना घराघरात दिसलं. गोळीने बाळ झोपायचंच. झोप हेच अंगाईचं माप धरलं तर बाळागोळी सर्वोत्तम अंगाई ठरेल.

आज तेच माप घेऊन आमच्या क्षेत्रातले लोक कामाला लागलेत. बाळ रडलं की आवाज ओळखून आपोआप वेग वाढवणारे पाळणे मिळतात. अमेरिकेतला 'स्नू' २०१६पासून बाजारात आहे. मला तंत्र म्हणून तो आवडतो. रेकॉर्ड केलेलं गाणं बाळाकडे बघत नाही, हा पाळणा बघतो. आमच्या भाषेत क्लोज्ड लूप. त्याला यंत्र म्हणून नाकं मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. रात्री तीन वाजता ज्याला झोप हवी आहे त्याने मिळेल ती मदत घ्यावी. बायकोने तर किंमत बघून लगेच विचारलं होतं की दुसऱ्या हाताचा मिळेल का. पण या पाळण्यात बाळाचं ऐकणारं यंत्र आहे, बोलणारं माणूस नाही. दहा तासांच्या व्हाइट नॉइजमध्येही नाही. अडचण बाळाची होत नाही, ते झोपतंच. जिला दिवसभरात कुणाशी काही बोलता आलं नाही, तिची बोलायची एक जागा जाते, आणि भिंतीपलीकडच्याला काही ऐकू येत नाही.

म्हणून नवी अंगाई चांगली की वाईट हे ठरवताना मी आता शब्द किती गोड आहेत ते बघत नाही. चांदोबा, परी, ढगांची गादी असलेल्या अॅनिमेशनच्या अंगाया यूट्यूबवर ढिगाने आहेत. त्यांत दमलेलं माणूस नाही. कालेलकरांच्या गाण्यात निदान आहे, तिसऱ्या-चौथ्या कडव्यात का होईना. दत्तांच्या कवितेत तर पहिल्या ओळीपासून आहे. बायकोच्या हेडफोनच्या अंगाईत आहे. ती तिने लिहून ठेवलेली नाही. मी मागितली तर म्हणाली, काम झालं की तिचं.

मला स्वतःला शब्द सुचत नाहीत. सुरुवातीला मी त्या दिवशीचे बग म्हणून पाहिले, पण 'नल पॉइंटर'ला लय नाही. मग कॉलेजच्या चार वर्षांत मुंबईला जाता-येता पाठ झालेली स्टेशनं आठवली. ती चालतात. वळिवडे, रुकडी, हातकणंगले. जयसिंगपूर, मिरज, सांगली. प्रत्येक नावाला एक झोका, मोठ्या नावाला दोन. आजीने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दारात उभी राहून म्हणाली, "ह्ये काय रं, अंगाई म्हणायलाईस का तिकिटं फाडायलाईस?" मग स्वतःच आत आली आणि सांगलीच्या पुढे बोलवाडची तिची मावशी, मिरजेला गाडी चुकलेली, अडुसष्ट सालचा पाऊस असं बरंच काही त्याच लयीत सांगत बसली. मावशी आणि चुकलेली गाडी मी पहिल्यांदाच ऐकत होतो. लेक केव्हाच झोपली होती, आम्ही दोघं पाळणा हलवत होतो.

एरवी जयसिंगपूरपर्यंत काम होतं. परवा दात येत असल्यामुळे किर्लोस्करवाडी, कराड, सातारा, लोणंद, नीरा करत थेट जेजुरीपर्यंत जावं लागलं.